छेदातला ऑक्सिजन

झाशीच्या मराठी लोकांत माझ्याबद्दल बऱ्याच गोष्टी सांगितल्या जातात. मी फटकळ आहे, सत्काराचा नारळ फोडून त्याच दिवशी चटणी करतो, प्रमुख पाहुणा लांबला की पहिल्या रांगेतून उठून जातो — हे सगळं थोडंफार खरं आहे. पण जी सांगायला हवी ती गोष्ट कुणी सांगत नाही. ती ठाऊक असलेला माणूस एकच आहे आणि तो वीस-बावीस वर्षं गप्प बसलाय. बायकोलाही त्याने सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे.

कुठून सुरू करू? रसायनशास्त्रापासून करतो. तिथे मला सुरक्षित वाटतं — आणि सगळं बिघडलं ते त्यामुळेच.

मी इथल्या एका इंटर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे. शिकवायचो हिंदीतून, रागवायचो बुंदेलीतून, आणि घरी आलो की मराठी. ती मराठीही इथली. पूर्वज कुणाच्या तरी कारकुनीला म्हणून आले आणि परत गेलेच नाहीत. त्यामुळे आमच्या बोलण्यात निम्मे शब्द पणजीचे आणि निम्मे शेजाऱ्यांचे. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला ते ऐकून हसू येतं. तो हसू दाबतो, आणि आम्हाला ते दिसतं.

बारावीच्या मुलांना एक गोष्ट समजावणं फार जड जातं. क्रियेचं समीकरण असतं — हे घेतलं, ते मिळालं. मुलांना वाटतं, क्रिया किती वेगाने होईल हेही त्या समीकरणावरूनच कळणार. तसं नसतं. समीकरण म्हणजे बसचं तिकीट: झाशी ते बरुआसागर. मधे काय झालं ते तिकिटावर लिहिलेलं नसतं. रस्ता अर्ध्या-पाऊण तासाचा. पण सगळ्या सीटा भरेपर्यंत बस स्टँडवर उभी राहते, ती किती वेळ ते कंडक्टरलाही ठाऊक नसतं. मग तुम्ही कधी पोचणार हे कशावर ठरलं? ड्रायव्हरच्या पायावर तर नाही. क्रियाही अशीच पायऱ्या-पायऱ्यांनी होते, आणि सगळ्यांत रेंगाळणारी पायरी वेग ठरवते. त्या पायरीवरून वेगाचा नियम मांडायचा. तिच्यात एखादा कण असा असला की जो मधेच जन्मतो आणि मधेच संपतो, तर त्याला नियमात ठेवायचं नाही, कारण तो कुणाला मोजता येत नाही. आधीच्या पायरीवरून त्याची किंमत काढायची आणि त्याच्या जागी मोजता येणारे पदार्थ आणायचे. एवढंच. मी हे वर्षानुवर्षं शिकवलं. बसचा विनोद दर वर्षी केला. मुलं दर वर्षी हसली.

आणि दर वर्षी शेवटी मी पदरचं एक वाक्य जोडायचो — क्रियेतून जो पदार्थ तयार होतो तो वेगाच्या नियमात कधीही येत नाही. कुठल्या पुस्तकात नव्हतं ते. माझी युक्ती होती. आमच्या परीक्षेत जे प्रश्न यायचे त्यांत ती कधी चुकली नव्हती. जी गोष्ट कधी चुकत नाही ती खरी वाटू लागायला माणसाला किती वेळ लागतो?

रूपालीला माझ्याकडे तिचे वडील घेऊन आले. साताऱ्याकडचे सुभेदार, फौजेतून जवळच्या बबीन्याला बदलून आलेले. छावणीत कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की झाशीत एक मराठी मास्तर आहेत. 'आपल्या माणसाकडं टाकावं म्हटलं,' असं ते म्हणाले आणि खुर्चीच्या काठावर बसले. पोरगी बारावीत होती. बबीन्याहून बसने यायची, बाकीच्या मुलांच्या आधी पोचायची आणि माझी बायको देईल ते खाऊन पाटीपुढे पहिल्या जागी बसायची. हिला काकू म्हणायची. मला सर.

ती प्रश्न विचारायची. हे आता कौतुकाने लिहितोय. तेव्हा कौतुक वाटायचं का? सुरुवातीला, हो. मग जरा कमी. सातवीतली मुलं 'का' विचारतात तेव्हा गोड वाटतात. बारावीतली विचारतात तेव्हा उत्तर द्यावं लागतं.

आता मंडळाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं मंडळ गणपतीपुरतं जागं होतं. त्यात दोन तट. एक आम्ही, पिढ्यान् पिढ्यांचे झाशीवाले. दुसरे फौजी, दोन-तीन वर्षांनी निघून जाणारे. आम्ही त्यांना बदलीवाले म्हणायचो, ते आम्हाला भैया-मराठी. वर्गणी दोघांची चालायची. भांडणं इतकी व्हायची की जुन्या कुणीतरी एक प्रथा घालून दिली होती: जो काही निर्णय करायचा तो मंडपात, आरतीनंतर, मूर्तीसमोर, सगळ्यांदेखत. आणि मूर्तीसमोर झालेला निर्णय फिरवायचा नाही. बंद दाराआड काही नाही. मला ही प्रथा आवडायची. मी तिची टिंगलही करायचो — बाप्पाला न्यायाधीश केलं की माणसाला वकील व्हायला मोकळीक, असं काहीतरी. लोक हसायचे. मी बोललेलं लोक लक्षात ठेवायचे, आणि हे मला आवडतं हे मला ठाऊक होतं.

पुण्याची एक संस्था होती. महाराष्ट्राबाहेरच्या एखाद्या मराठी मुलाला ती तिकडे नेऊन वसतिगृहात ठेवायची, विज्ञानाची पदवी पुरी करून द्यायची. त्या वर्षी नाव पाठवायची पाळी आमच्या मंडळाची आली. अर्ज दोघांचे — रूपालीचा, आणि मंडळाचे सेक्रेटरी नाना यांच्या धाकट्याचा. दोघंही माझ्याकडेच शिकत होती. प्रथेप्रमाणे ठरलं की मंडपात फळा लावायचा, मी एक प्रश्न घालायचा, दोघांनी सोडवायचा, आणि मी निकाल सांगायचा.

तुम्हाला वाटेल मी नानांच्या मुलाकडे झुकलो. तसं झालं असतं तर सांगायला सोपं होतं. नाही. मी मनात कुणालाही निवडलेलं नव्हतं. मला दिव्याचा, फुलांचा, छातीवर लावलेल्या रेशमी बिल्ल्याचा मनापासून कंटाळा होता — असं मी सगळ्यांना सांगत होतो, आणि बिल्ला सरळ बसलाय ना ते अधूनमधून हाताने बघत होतो.

प्रश्न मी ओझोनचा घातला. जरा वेगळा म्हणून. ओझोन तुटून ऑक्सिजन होतो. पहिली पायरी: ओझोनमधून एक अणू सुटा होतो, ऑक्सिजन उरतो, ही पायरी झटपट होते आणि तितक्याच झटपट उलटीही जाते. दुसरी पायरी: तो सुटा अणू दुसऱ्या ओझोनवर आदळतो, ही रेंगाळणारी. वेगाचा नियम काढा. मी स्वतः तो घरी पूर्ण सोडवला नव्हता. का सोडवला नव्हता? कारण उत्तर काय येणार ते मला 'ठाऊक' होतं. ओझोनचा वर्ग, बस.

नानांच्या मुलाने तेच लिहिलं. ओझोनचा वर्ग. तो माझी युक्ती पाठ असलेला विद्यार्थी होता.

रूपालीने ओझोनचा वर्ग लिहिला, त्याखाली रेघ मारली, आणि रेघेखाली ऑक्सिजन लिहिला.

मी विचारलं, "हा ऑक्सिजन खाली कुठून आला?"

ती म्हणाली, "सर, पहिली पायरी उलटीपण जाते ना. ऑक्सिजन जितका साठेल तितका तो सुट्या अणूला परत ओढून घेईल. मग पुढं जायला उरेलच काय?"

सगळा मंडप ऐकत होता. लहान मुलंसुद्धा, कारण आरतीनंतरची खिरापत निकालावर अडली होती. मला क्षणभर — खरं सांगतो — क्षणभर वाटलं की ती काय म्हणते ते बघावं. खडू घ्यावा आणि फळ्यावरच मांडून बघावं. दोन मिनिटांचं काम. पण मी बिल्ला लावलेला माणूस होतो, आणि माझ्याकडे एक वाक्य तयार होतं. तयार वाक्य हा माझा आजार आहे.

मी म्हणालो, "पुढे गेलेली पलटण मागे फिरते असं तुमच्या फौजेत होत असेल, बाळ. आमच्या केमिस्ट्रीत नाही होत."

मंडप फुटला. झाशीवाले तर मांड्यांवर थापा मारून हसले. इतकी वर्षं त्यांची मराठी ऐकून जे हसू दाबलं जात होतं त्याचा हिशेब त्यांनी तिथे चुकता केला. सुभेदार पहिल्या रांगेत होते. तेही हसले. मास्तरांनी विनोद केला तर हसायचं असतं, अशा अदबीने हसले.

रूपाली हसली नाही. तिने फळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काहीतरी समजावेन याची ती वाट बघत होती, असं मला आता वाटतं. मग तिने तळहाताच्या कडेने तो ऑक्सिजन पुसला. तिनेच पुसला. मी सांगितलं नव्हतं. खालची रेघ तेवढी राहिली.

निकाल मी जाहीर केला. नानांच्या मुलाला नारळ दिला. सुभेदारांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळची शिकवणी संपली, मुलं गेली, मी पाटी पुसायला उठलो. तिचं वाक्य कानात होतं. चुकीचं वाक्य इतकं सरळ कसं? खोटी वाक्यं जरा जड असतात, अडखळतात. हे कुठेच अडखळत नव्हतं. तेव्हा कुठे मी खडू उचलला. पहिल्या पायरीत जितकं पुढे जातं तितकंच मागे येतं — तिथून सुट्या अणूची किंमत काढली — दुसऱ्या पायरीत घातली. ऑक्सिजन खाली उतरला. मी पुसलं. परत मांडलं. परत तो खाली जाऊन बसला. त्यात अवघड काहीच नव्हतं. माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलाला ते आलं असतं, मी त्यांना माझी ती युक्ती दिली नसती तर.

तुम्ही म्हणाल, चूक कुणाकडून होत नाही? मान्य. त्या चुकीचा कबुलीजबाब द्यायला मी बसलेलो नाही. ती चूक मंडपात झाली आणि सकाळी संपली. त्यानंतर जे आहे त्याला चूक म्हणत नाहीत.

विसर्जन व्हायचं होतं. पुण्याला पत्र गेलेलं नव्हतं. मी स्कूटर काढली आणि नानांकडे, सदर बाजारात, निघालो. वाटेत वाक्य जुळवत होतो. नाना, काल माझा घोटाळा झाला. पोरगी बरोबर होती. एवढीच दोन वाक्यं. गंमत बघा, मंडपातल्या वाक्याला मला पळभरही लागला नव्हता, आणि ही दोन वाक्यं नानांच्या दारापर्यंत पुरी होईनात.

नानांकडे आनंद होता. त्यांच्या पत्नीने मोदक आणून ठेवले. मुलगा येऊन पाया पडला. नाना म्हणाले, काय टोला हाणलात काल, पलटण मागे फिरते! काल रात्रीपासून तीन घरी सांगून झालं. मग त्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "तुमच्यासारखा एक निर्भीड माणूस आहे म्हणून मंडळ टिकलंय, सर."

मी मोदक खाल्ला. चहा घेतला. पत्र विसर्जनानंतर टाकतो, नाना म्हणाले. मी म्हटलं, बरं.

मूर्तीसमोरचा निर्णय फिरवत नाहीत — ही प्रथा मला त्या सकाळी आठवली. जिची मी जन्मभर टिंगल केली, तिच्याआड जाऊन उभा राहिलो. पण तीही सबब खोटी. मी सांगितलं असतं तर नानांनी कपाळाला आठ्या घातल्या असत्या, दोन दिवस बोलाचाली झाली असती, आणि पत्रात दुसरं नाव गेलं असतं. मला ते पक्कं ठाऊक होतं. नाना वाईट माणूस नव्हते. मग मी कशाला भ्यालो? लोक हसतील म्हणून. बस, तेवढ्यासाठी. मला लोकांवर हसायची सवय होती. उलटीकडून ते कसं असतं ते मला बघायचं नव्हतं.

रूपाली शिकवणीला यायची थांबली. दिवाळीच्या आसपास सुभेदार एकटेच आले, पुन्हा खुर्चीच्या काठावर बसले. पोरगी आता बारावी कशीबशी काढेल आणि पुढे बी. ए. करेल म्हणाले. मी म्हटलं, का? हे विचारायला माझी जीभ कशी वळली, मला कळत नाही. ते म्हणाले, "आमच्यात कुणी शिकलेलं नाही सर. पोरगी हुशार हाय असं आम्हाला आपलं वाटायचं. तुम्ही खरं काय ते दाखवलंत. तीपण म्हणती, पाठांतर होतं, समजत काय नव्हतं."

समजत काही नव्हतं.

तेव्हाही सांगता आलं असतं. पत्र गेलं होतं, पुण्याची जागा गेली होती, पण पोरीचा स्वतःवरचा विश्वास तर परत देता आला असता? मी सुभेदारांना पाणी दिलं. बी. ए. लाही आजकाल वाव आहे, असं काहीतरी बोललो. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली.

त्यानंतरच्या वर्षांचं काय सांगू? ओझोनचा नियम झाशीत माझ्याइतका चांगला कुणी शिकवला नसेल. ती युक्ती मी बंद केली. ऑक्सिजन खाली का येतो हे विचारलं की मी मुलांना सांगायचो: तो जितका साठेल तितका सुट्या अणूला परत ओढून घेईल, मग पुढे जायला उरेलच काय? तिचंच वाक्य. शब्दसुद्धा बदलला नाही, कारण याहून चांगलं मला सुचलं नाही. मुलं माना हलवायची. एका शिक्षक दिनाला मला शाल मिळाली, आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने भाषणात नेमकं तेच वाक्य माझ्या नावावर सांगितलं. त्या दिवशी मी पहिल्या रांगेतून उठून गेलो नाही. टाळ्या संपेपर्यंत बसून राहिलो.

मला वाटलं होतं, हे असंच माझ्याबरोबर संपेल.

या वर्षी शाळा सुरू झाल्या तेव्हा दार वाजलं. बाहेर एक बाई आणि तिच्याहून उंच मुलगी. बाईने वाकून नमस्कार केला तेव्हा मी ओळखलं — भांग पाडायची पद्धत तीच. नवरा फौजेतच, बदली बबीन्याला झाली होती. सुभेदार गेले होते, चार वर्षांपूर्वी. मुलगी सई, बारावीत. बायकोने तिला जवळ घेतलं, रूपाली "काकू, तुम्ही तशाच आहात" म्हणाली, आणि दोघी जरा रडल्या. मी चष्मा पुसत बसलो.

मग तिने काम सांगितलं. सईला रसायनशास्त्रातच पुढे जायचं आहे, हट्ट धरून बसलीय. तुम्ही तिची परीक्षा घ्या सर. डोकं असेल तर हो म्हणा, नसेल तर तोंडावर नाही म्हणा. ती म्हणाली, "मला तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून मी भलत्या नादाला लागले नाही. इतकं सरळ कोण सांगतं? पपा शेवटपर्यंत तुमचं नाव काढायचे."

तुम्ही कधी कुणाचे आभार ऐकून खुर्चीचा हात घट्ट धरला आहे?

रूपाली काय करते ते मी विचारलं. घरीच असते. मधे एका शाळेत लहान मुलांना शिकवायची, सारख्या बदल्यांत ते सुटलं. हिशेबाला पक्की आहे, असं सई मधेच म्हणाली, पूरी कॅन्टीन का हिसाब मम्मी मुँहजबानी करती है सर जी. रूपाली तिला गप्प बस म्हणाली.

सईला मी प्रश्न घातले. हुशार आहे. आईइतकी नाही — हे मी तुम्हाला सांगतोय, तिथे बोललो नाही. तिथे मी म्हणालो, डोकं आहे, जाऊ द्या तिला पुढे. जरा जास्तच ठासून म्हणालो. कर्जाचा हप्ता भरल्यासारखं. रूपालीचा चेहरा उजळला. तिने सईच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "नशीब, माझ्यावर नाही गेली."

मी यावर काय केलं? हसलो.

सई आता आठवड्यातून तीनदा येते. आई बरोबर येते, बाहेरच्या खोलीत बसते, हिला भाजी निवडून देते. मधलं दार उघडं असतं. उकाडा होतो म्हणून. गेल्या आठवड्यात धड्यात ओझोन आला. तो टाळता आला असता. मी टाळला नाही, आणि यात काही धैर्य होतं असं समजू नका. मला वाटलं होतं, ती बाहेरच्या खोलीत भाजीत गुंतलेली आहे, काय ऐकणार.

सईने नियम बरोबर मांडला. ओझोनचा वर्ग, खाली रेघ, रेघेखाली ऑक्सिजन. आणि विचारलं, "पर ये नीचे क्यूँ आया, सर जी? फॉर्म्युले से तो आ गया, समझ में नहीं आया."

मी बोलून गेलो. वीस वर्षांची सवय. तो जितका साठेल तितका सुट्या अणूला परत ओढून घेईल, मग पुढे जायला उरेलच काय?

बाहेर भाजी निवडण्याचा आवाज थांबला.

रूपाली दारात येऊन उभी राहिली. हातात मेथीची जुडी तशीच. तिने पाटीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी खडू ठेवला. मला वाटलं, झालं. आता ती म्हणेल. आणि खरं सांगू, आत कुठेतरी बरं वाटलं, की मला काही बोलावं लागणार नाही, तीच बोलेल.

ती हळूच म्हणाली, "सर, आमच्या वेळी हे असं नव्हतं ना?"

ती मला पकडत नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. एवढ्या वर्षांत तिच्या मनात एकदाही आलेलं नव्हतं की सर चुकले असतील. शास्त्र बदललं असेल, हे तिला जास्त शक्य वाटत होतं.

मी म्हणालो, "नव्हतं. नवीन सिलॅबसमध्ये आलंय."

"तरीच," ती म्हणाली. तिने मान हलवली, सईला नीट समजून घे म्हणाली आणि मेथी निवडायला परत गेली. थोड्या वेळाने तिचा आणि हिचा बोलण्याचा आवाज येऊ लागला, दोघी कशावर तरी हसत होत्या. सईने पुढचं गणित काढलं. मी ते तपासलं.

ओझोन तेव्हाही असाच तुटत होता.